काटा

शाळा सुटली की आम्ही थेट धक्क्यावर.
कॉडची मुंडकी ढिगानं पडलेली.
एकेक उचलायचं, खिळ्यावर रोवायचं,
सुरीचा एक ओढा, आणि जीभ बादलीत.
लोफोटेनची रीतच तशी:
मासा मोठ्यांचा, जीभ पोरांची.

वजनाला एइलर्ट. कानावर पेन्सिल, बोटांना चिकटपट्ट्या.
काट्यामागे असा उभा राही
जसा पाद्री वेदीमागे.
दर बादलीला पाच किलो कडता.
'बादलीचं वजन, पोरी. बादली काय हवेची असते?'
आणि रिकामी बादली काट्यावर ठेवायची नाही,
काटा बिघडतो म्हणे.

गर्दी ओसरली की कोडं घाली:
'एक मासा. शेपूट चार किलो.
डोकं म्हणजे शेपूट आणि अर्धं धड.
धड म्हणजे डोकं आणि शेपूट.
सांग, मासा केवढा?'

डोक्याला विचारावं तर ते धडाकडे बोट दाखवतं,
धडाला विचारावं तर डोक्याकडे.
आमच्या घरी कात्री हरवली की चौकशी चालते, अगदी तशी.
शेपूट तेवढं खरं बोलत होतं.

ओडव्हिन म्हणाला, वीस.
मग चोवीस.
मग चिडून, शंभर.

मी पेटीची एक फळी घरी नेली, आणि खडू.
धडाच्या जागी फुली मारली,
खराब मासा बाजूला काढताना मारतात, तसलीच.
पण ही काही खोडत नव्हती.
म्हणत होती, माझं नाव कळेल तेव्हा कळेल,
तोवर जागा धरून ठेव.

फुली म्हणजे डोकं आणि चार.
डोकं म्हणजे चार आणि अर्धी फुली.
म्हणजे फुली म्हणजे आठ, आणि अर्धी फुली.

इथे दिवा फडफडला, आईनं झोपायला सांगितलं,
मी झोपले नाही.
दोन्ही पारड्यांतून अर्धी अर्धी फुली उचलली.
अलगद. काटा हलला नाही.
एकीकडे उरली अर्धी फुली,
दुसरीकडे आठ.

धड सोळा! डोकं बारा, शेपूट चार,
अंधारात माझ्या उशाशी बत्तीस किलोंचा मासा.

'बरोबर,' एइलर्ट म्हणाला,
'पण एवढ्या डोक्याचा मासा मी पाहिला नाही.
शिवाय शेपूट नेमकं कुठून सुरू होतं
हेही मला आजवर कुणी दाखवलेलं नाही.'
सगळे हसले. मीही हसले.
फुली मात्र माझ्याकडेच राहिली.

त्या शनिवारी चारशे जिभा मोजून भरल्या,
लहान-मोठ्या सारख्या वाटून, दोन दोनशे.
आधी सगळ्या काट्यावर ठेवल्या: एकतीस.
मग म्हटलं, थांबा, अर्ध्या हेर्डिसमावशीला द्यायच्यात.
दोनशे काढल्या. पुन्हा ठेवली: सतरा.

दोनशे जिभा, चौदा किलो.
चारशे, अठ्ठावीस.
एकतिसातून अठ्ठावीस गेले की जी फुली उरते
ती बादली.
'तीन,' मी म्हटलं. 'पाच नाही.'

धक्क्यावर समुद्रपक्षी ओरडत होते, तेवढाच आवाज.
ओडव्हिननं सुरी पुसायची थांबवली.
एइलर्टनं माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे,
मग स्वतःच्याच वहीकडे, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.
त्यानं मला कोडं घातलं ते ह्याचसाठी,
की ह्याची त्याला कल्पनाच नव्हती,
हे मी त्याला कधी विचारलं नाही. आता तो नाही.

कानावरची पेन्सिल काढली.
पाच खोडलं, तीन लिहिलं.

'आणि मागच्यांचं?'

'मागच्यांचं कोडं,' तो म्हणाला, 'उद्या.'

जानेवारीपासून सदतीस बादल्या झाल्या होत्या.
घरी जाताना बर्फात चालत हिशेब केला.
त्याला फुली लागत नव्हती,
नुसता गुणाकार.